लाँग आयर्नचे फटके वारंवार का फसतात : निदानाचा क्रम आणि उपाय

७ नंबरच्या आयर्नने (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने; नंबर जितका लहान तितका क्लब लांब) चेंडू व्यवस्थित उडतो, ८ आणि ९ नंबरवर तर हात बसलेला असतो, आणि तरीही ४ किंवा ३ नंबरचे, म्हणजे लाँग आयर्न बॅगेतून बाहेर काढले की चेंडू कधी जमिनीलगत सरपटत जातो, कधी उजवीकडे वाहवत जातो, तर कधी चेंडूच्या आधीच गवत उपटले जाते, ही तक्रार गोल्फ खेळणाऱ्या बहुतेकांची कधी ना कधी असते. ही तक्रार एकदा सुटली म्हणून कायमची मिटत नाही, हे तिचे खरे दुखणे आहे. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) काही दिवस बरे जातात, कोर्सवर पहिल्याच लांब पार-३ होलवर (तीन फटक्यांत संपवण्याच्या होलवर) ती पुन्हा डोके वर काढते, मग खेळाडू ग्रिप बदलतो, पायांतील अंतर बदलतो आणि अखेरीस क्लबच बदलून टाकतो. यांपैकी एखादा उपाय योग्यही असू शकतो. पण कोणत्या बिघाडावर आपण तो करत आहोत हे ठरवलेले नसल्यामुळे त्याचा गुण टिकत नाही.

‘लाँग आयर्न लागत नाही’ या एका वाक्याखाली किमान तीन वेगवेगळ्या अडचणी दडलेल्या असतात: क्लब जमिनीला चुकीच्या जागी भेटणे, फेस (क्लबचा चेंडूला भिडणारा पृष्ठभाग) आणि क्लबचा मार्ग यांचा मेळ नसणे, आणि त्या क्लबला लागणारा वेगच खेळाडूकडे नसणे. पहिल्या दोन सरावाने सुधारतात, तिसरीवर सरावापेक्षा क्लबची निवड अधिक उपयोगी पडते. म्हणून पुढील तपासण्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात. दिशांचे सर्व उल्लेख उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून केले आहेत. डावखुऱ्यांनी ते उलट करून वाचावेत.

दोष क्लबचा किती

एका नंबरमागे आयर्नच्या लांबीत साधारण अर्धा इंच आणि लॉफ्टमध्ये, म्हणजे फेस मागे कललेला असतो त्या कोनात, ३ ते ४ अंशांचा फरक पडत जातो. त्यामुळे ७ नंबरवरून ४ नंबरवर येईपर्यंत क्लब दीड इंचाने लांब झालेला असतो आणि लॉफ्ट १० अंशांच्या आसपास घटलेला असतो. लांब क्लबचे डोके शरीरापासून दूर फिरते, म्हणून फेसचा मध्य नेमका चेंडूवर आणणे कठीण जाते. आणि लॉफ्ट कमी असल्यामुळे चुकलेला फटका सांभाळून घेण्याची क्षमताही त्या क्लबमध्ये कमी असते.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. आजच्या अनेक गेम-इम्प्रूव्हमेंट (हौशी खेळाडूंना फटका सोपा जावा म्हणून बनवलेल्या) संचांमध्ये ७ नंबरच्या आयर्नचा लॉफ्ट २८ ते ३० अंश असतो. सुमारे ५० वर्षांपूर्वी एवढा लॉफ्ट ४ नंबरच्या आयर्नला असे, आणि आज ज्यावर ४ हा आकडा कोरलेला असतो त्या २०-२१ अंशांच्या क्लबला त्या काळी २ नंबरचे आयर्न म्हटले जाई. क्लबचे वजन तळाकडे आणि मागे सरकवल्यामुळे चेंडू आपोआप उंच जाऊ लागला आणि उत्पादकांना लॉफ्ट घटवणे शक्य झाले, हे खरे आहे. तरीही ‘४ नंबर तर प्रत्येकाला जमलेच पाहिजे’ ही जुनी समजूत आजच्या ४ नंबरला लावणे खेळाडूवर अन्याय करणारे आहे. १९७२च्या यूएस ओपनमध्ये जॅक निकलसने पेबल बीचच्या १७व्या होलवर १ नंबरच्या आयर्नने मारलेला चेंडू एक टप्पा घेऊन झेंड्याच्या काठीला लागला, तो फटका आजही सांगितला जातो. पण तो सांगितला जातो याचे कारणच हे, की असे क्लब असे चालवणारे हात विरळा असतात. आपल्या संचाचे लॉफ्ट उत्पादकाच्या तक्त्यात पाहून घ्यावेत आणि पुढे नंबरऐवजी अंशांत विचार करावा.

पहिली तपासणी: क्लब जमिनीला कोठे भेटतो

ही तपासणी चेंडूशिवाय आणि गवतावरच करायची आहे. लक्ष्याच्या दिशेला काटकोनात, खडूच्या भुकटीने किंवा मैदान आखण्याच्या रंगाने, एक हातभर सरळ रेघ ओढावी. ती रेघ म्हणजे चेंडू, असे समजून तिच्यावर प्रथम ७ नंबरने आठ-दहा स्विंग करावेत, प्रत्येक वेळी रेघेवर थोडे पुढे सरकून. नंतर शेजारी तसेच ४ नंबरने करावे. गवत कोठून कापले जाऊ लागले आहे ते वाकून पाहावे. कापलेल्या गवताची सुरुवात रेघेवर किंवा रेघेच्या लक्ष्याकडील बाजूला झाली असेल तर संपर्क योग्य आहे; रेघेच्या अलीकडे चार बोटे माती उकरली गेली असेल, किंवा गवताला स्पर्शच न होता क्लब वरून निघून गेला असेल, तर मूळ सापडले असे समजावे.

येथे बहुतेकांना एक अनपेक्षित गोष्ट दिसते: ७ नंबरचे डिव्हॉटही (कापल्या गेलेल्या गवताच्या खुणाही) रेघेच्या अलीकडेच सुरू झालेले असतात. म्हणजे बिघाड लाँग आयर्नपुरता नव्हताच. ७ नंबरमध्ये लॉफ्ट भरपूर असल्यामुळे चेंडू फेसच्या खालच्या भागावर लागला तरी बऱ्यापैकी उंच जातो, थोडा आखूड पडतो, आणि खेळाडू ‘जरा कमी बसला’ असे म्हणून पुढे निघतो. तोच संपर्क ४ नंबरने झाला की चेंडू कमरेच्या वर जात नाही. अशा खेळाडूने ४ नंबर बॅगेतच ठेवून आधी ७ नंबरचा संपर्क सुधारावा. त्याला या लेखातील निम्मे उपाय लागणारही नाहीत.

रेंजवरच्या मॅटविषयी येथेच सांगितले पाहिजे. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे जमिनीला लागला तर गवतावर तो मातीत रुततो आणि फटका जागीच मरतो. मॅटवर मात्र तळ घसरून किंवा उसळून चेंडूपर्यंत पोहोचतो आणि फटका बरा भासतो. रेंजवर जमते आणि कोर्सवर जमत नाही, या कोड्याचा मोठा भाग येथेच सुटतो. गवत उपलब्ध नसेल तर चेंडूच्या मागे साधारण वीतभर अंतरावर घडी केलेला टॉवेल ठेवावा. टॉवेलला स्पर्श झाला तर मॅटने कितीही दिलासा दिला तरी तो फटका फसलेला मानावा.

चेंडू उचलण्याची ओढ

संपर्क बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण हातात नसून हेतूत असते. क्लब खाली ठेवला की त्याचा फेस जवळजवळ उभा दिसतो, आणि हा चेंडू आपल्यालाच वर उडवावा लागणार असे मनाने परस्पर ठरवलेले असते. मग आघाताच्या क्षणी शरीराची जी स्थिती होते ती बाजूने काढलेल्या संथ चित्रणात अगदी स्पष्ट दिसते: वजन उजव्या पायावर अडकलेले, उजवी टाच जमिनीला चिकटलेली, छाती मागे झुकलेली, डावे मनगट पाठीमागच्या बाजूला मोडलेले, आणि क्लबचे डोके हातांच्या पुढे गेलेले. अशा स्थितीत स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू चेंडूच्या मागे जातो. क्लब एकतर तेथे मातीत शिरतो, किंवा तेथून वर चढताना त्याची पुढची कड चेंडूच्या पोटात बसते. फॅट (आधी मातीला लागणारा) आणि टॉप (वर चढत्या कडेने बसणारा) हे दोन फटके परस्परविरुद्ध वाटतात, म्हणून खेळाडू एकावर उपाय करता करता दुसऱ्यात जातो. प्रत्यक्षात दोघांची जननी एकच आहे.

‘लाँग आयर्न झाडू मारल्यासारखे, सपाट फिरवावे’ हा प्रचलित सल्ला या ओढीला खतपाणी घालतो. पुरुष व्यावसायिकांच्या मोजमापांत ७ नंबरचा क्लब चेंडूवर सरासरी ४ अंशांच्या आसपास खाली येताना आढळतो आणि ३ नंबरचा सुमारे ३ अंशांनी. उतार सौम्य होतो, पण तो उतारच राहतो. डिव्हॉट उथळ असावा, गवताची केवळ वरची शेंडी कापली जावी, एवढाच त्या सल्ल्याचा खरा अर्थ घ्यावा. चेंडूला उंची लॉफ्ट, वेग आणि स्पिन यांतून मिळते. मनगटाने त्यात भर घालता येत नाही.

सुधारणेसाठी अर्ध्या स्विंगपासून सुरुवात करावी. ४ नंबर घेऊन चेंडू अगदी बुटक्या टीवर (चेंडू ठेवण्याच्या खुंटीवर), गवताच्या पात्यांइतक्याच उंचीवर ठेवावा, हात कमरेपर्यंत मागे आणि कमरेपर्यंत पुढे न्यावेत, आणि फटक्यानंतर तेथेच थांबून तीन गोष्टी पाहाव्यात: वजन डाव्या पायावर आले आहे का, उजवी टाच उचलली गेली आहे का, आणि डावे मनगट व शाफ्ट (क्लबचा दांडा) जवळपास एका ओळीत आहेत का. चेंडू खांद्याएवढ्या उंचीवरून सरळ निघू लागला म्हणजे हे जमले. त्यानंतर टी काढून टाकावी, मग स्विंग पाऊण करावा आणि शेवटी पूर्ण. घाईने पूर्ण स्विंगवर गेलेला खेळाडू पहिल्या जोरदार प्रयत्नात पुन्हा चेंडू उचलू लागतो, असा जवळजवळ नियमच आहे.

चेंडूची जागा आणि उभे राहणे

ड्रायव्हरसारखा (बॅगेतील सर्वांत लांब क्लबसारखा) चेंडू डाव्या टाचेसमोर ठेवला की खालचा बिंदू आपसूक मागे पडतो; फॅट फटक्याच्या भीतीने तो पायांच्या मध्यामागे नेला की आधीच कमी असलेला लॉफ्ट आणखी घटतो आणि चेंडू उजवीकडे खाली निघतो. ७ नंबरसाठी चेंडू मध्याच्या किंचित पुढे असेल तर ४ नंबरसाठी तो तेथून एक ते दीड चेंडू पुढे असावा. गोल्फच्या चेंडूचा व्यास नियमानुसार किमान ४२.६७ मिलिमीटर असतो, म्हणजे हा फरक ४ ते ६ सेंटिमीटरचा आहे. लोक करतात तसा वीतभराचा नाही.

ही जागा पंजांवरून मोजू नये, टाचांवरून मोजावी. डावा पंजा बाहेर वळवला की चेंडू न हलताही तो मागे असल्यासारखा दिसतो, आणि खेळाडू तो नकळत पुढे सरकवतो. दोन टाचांमध्ये एक काठी आणि चेंडूपासून तिला काटकोनात दुसरी काठी ठेवून महिन्यातून एकदा ही खात्री करून घ्यावी. बाकी पायांतील अंतर ७ नंबरपेक्षा किंचित अधिक, आणि लांब क्लबमुळे चेंडूपासूनचे अंतरही थोडे अधिक, एवढे पुरे.

जोर आणि लय

लांब अंतर दिसले की मूठ आवळली जाते. वास्तविक क्लब लांब असल्यामुळेच त्याच्या डोक्याला अधिक वेग मिळतो. व्यावसायिक पुरुषांच्या सरासरीत ७ नंबरचा क्लबहेड ताशी ९० मैलांच्या आसपास फिरतो आणि ३ नंबरचा सुमारे ९८ मैलांनी, तेही लयीत लक्षणीय फरक न पडता. चांगल्या खेळाडूंच्या बॅकस्विंगला डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट वेळ लागतो, आणि वेज (भरपूर लॉफ्टचा आखूड क्लब) असो वा लाँग आयर्न, हे प्रमाण फारसे बदलत नाही. जोर लावणाऱ्याचा बॅकस्विंग आखूड आणि घाईचा होतो, खांदे पूर्ण वळण्यापूर्वी हात खाली येतात. त्यासाठी एक ७ नंबरचा आणि एक ४ नंबरचा, असे आलटूनपालटून चेंडू मारावेत आणि दोन्ही स्विंगची लय जोडीदाराला डोळे मिटून केवळ आवाजावरून ओळखता येऊ नये, असा प्रयत्न करावा.

दुसरी तपासणी: संपर्क चांगला, दिशा वाईट

गवताची रेघ समाधानकारक असूनही चेंडू वळत असेल तर फेसकडे वळावे. पायांना मारण्याच्या पावडरीचा फवारा फेसवर हलकेच उडवला की चेंडूचा ठसा स्वच्छ उमटतो. ठसे टोकाकडे असतील तर अंतर घटण्याचे कारण तेथेच आहे, आणि बहुधा खेळाडू चेंडूपासून दूर उभा राहिलेला असतो किंवा डाउनस्विंगमध्ये उंच उठत असतो. ठसे मध्यावर असूनही चेंडू उजवीकडे वळत असेल तर फेस क्लबच्या मार्गाच्या तुलनेत उघडा आहे.

वेजने न दिसणारी ही चूक ४ नंबरने का दिसते, याला भौतिक कारण आहे. फेस आणि मार्ग यांत ३ अंशांचा फरक असला तर वेजच्या भरपूर लॉफ्टमुळे बॅकस्पिन वरचढ ठरतो आणि स्पिनचा अक्ष थोडासाच कलतो. ४ नंबरने तेवढ्याच फरकात तो जवळपास दुप्पट कलतो, शिवाय चेंडूला अंतरही जास्त कापायचे असते. त्यामुळे लाँग आयर्नचा स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा फटका) हा वेगळा दोष नसतो. लहान क्लबने झाकलेला जुनाच दोष असतो. ग्रिपमध्ये डाव्या हाताची दोन-अडीच बोटांची पेरे वरून दिसतात का, हे प्रथम पाहावे. दिसत नसतील तर हात थोडा उजवीकडे फिरवून घ्यावा आणि रेंजवर आठवडाभर पाऊण स्विंगपलीकडे जाऊ नये. लाय अँगल (शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन) वाकवून घेतला की लाँग आयर्न सरळ होईल, असेही अनेकदा सुचवले जाते. परंतु लाय अँगलचा दिशेवरील परिणाम लॉफ्टबरोबर वाढतो, म्हणून त्या दुरुस्तीचा फायदा वेजला अधिक आणि ४ नंबरला कमी होतो.

तिसरी तपासणी: वेग पुरेसा आहे का

हा भाग अनेकांना आवडत नाही. वरील दोन्ही तपासण्यांत उत्तीर्ण होऊनही चेंडू उंच जात नसेल, तर ६, ५ आणि ४ नंबरने प्रत्येकी दहा-बारा स्वच्छ फटके मारावेत, फसलेले सोडून द्यावेत, आणि चेंडू हवेतून जाऊन जेथे पडला तेथपर्यंतचे, म्हणजे कॅरीचे अंतर मोजावे. रेंजचे चेंडू अनेकदा मुद्दाम कमी उडणारे असतात, म्हणून आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत, कोर्सवरच्या अंतरांशी नाही. ६ आणि ५ यांत १० यार्डांचे अंतर पडते, पण ५ आणि ४ यांत पाचच यार्ड पडत असेल, तर ४ नंबर आपल्या वेगाला झेपत नाही.

पुरेशा वेगाचे व्यावसायिक बॅगेतील जवळपास प्रत्येक क्लबने चेंडू सुमारे ३० यार्ड उंच नेतात, त्यामुळे त्यांचा लाँग आयर्नचा चेंडूही ग्रीनवर तीव्र उताराने येऊन थांबतो. वेग कमी पडला की तोच चेंडू सपाट येतो, ग्रीनवर पडूनही मागे निघून जातो, आणि फटका निर्दोष असूनही निकाल वाईट मिळतो. ड्रायव्हरचा क्लबहेड-वेग ताशी ९० मैलांच्या खाली असेल तर २४ अंशांपेक्षा कमी लॉफ्टचे आयर्न बॅगेत ठेवण्यात सहसा लाभ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या जागी हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब) किंवा ७ नंबरचे वुड (मोठ्या, फुगीर डोक्याचा क्लब) घ्यावे. त्यांचे वजन फेसपासून बरेच मागे आणि खाली असल्यामुळे त्याच लॉफ्टला चेंडू अधिक उंच निघतो, आणि दाट गवतातही त्यांचा रुंद तळ सरकत जातो, जेथे आयर्नच्या मानेला गवत गुंडाळून फेस मिटतो. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही: २००९च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये वाय. ई. यांगने शेवटच्या होलवर टायगर वुड्सवरील विजय पक्का करणारा फटका हायब्रिडनेच मारला होता. मात्र निवडताना नंबरवर जाऊ नये. ४ नंबरचे हायब्रिड ४ नंबरच्या आयर्नपेक्षा लांब शाफ्टचे असते आणि चेंडूही पुढे टाकते, त्यामुळे पुष्कळदा आयर्न व हायब्रिड यांच्यामध्ये मोठी पोकळी राहते. आपल्या सर्वांत लांब चालणाऱ्या आयर्नची कॅरी आधी मोजावी आणि तिच्यापुढे १० ते १५ यार्ड जाणारे हायब्रिड, लॉफ्ट पाहून, स्वतः मारूनच घ्यावे. हायब्रिड डावीकडे ओढले जाण्याची तक्रार असणाऱ्यांनी वुडचाही विचार करावा. नियमानुसार बॅगेत १४ क्लब ठेवता येतात, तेव्हा एक आयर्न काढल्याने काही अडत नाही. ज्यांच्याकडे वेग आहे आणि वाऱ्यात खाली राहणारा चेंडू हवा आहे, त्यांच्यासाठी जाड तळाचे युटिलिटी आयर्न हा चांगला मध्यममार्ग आहे.

तक्रार परत आली तर

कोर्सवर लाँग आयर्न काढण्यापूर्वी चेंडू कसा पडला आहे ते पाहावे. चेंडू गवतात अर्धा बुडालेला असेल, किंवा उघड्या टणक जमिनीवर असेल आणि पुढे पाणी असेल, तर अधिक लॉफ्टचा क्लब घेऊन दोन फटक्यांत जाणे हिताचे ठरते. पार-३वर मात्र नियम परवानगी देत असताना टी न वापरण्यात शौर्य नाही. चांगला काळ सरून फटके पुन्हा फसू लागले, तर त्याच दिवशी स्विंगला हात लावू नये. प्रथम काठ्या ठेवून टाचांवरून चेंडूची जागा तपासावी, कारण तीच सर्वांत हळू आणि सर्वांत नकळत सरकते. ती बरोबर निघाली तर खडूची रेघ ओढून ७ नंबरने सुरुवात करावी, आणि रेघ स्वच्छ असेल तरच पावडरीचा डबा काढावा.